रघूचे बारा आठवडे

जूनमधल्या त्या मंगळवारी सकाळी मी पाळीवर आलो, पहिल्या लूमची कांडी बदलली, शटलला तोंड लावलं आणि थुंकलो. शटलला औषधाची चव होती. जखम धुतात त्या औषधाची. दुसरं शटल घेतलं. तेही तसंच. चारही तशीच.

ज्यांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापडात आडवी तार टाकतं ते लाकडी शटल. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिची तार शटलच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायची. आमच्याकडे ती काढायची रीत एकच होती. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा, की तार जिभेवर येते. एका माणसाकडे चार लूम, बारा तासांची पाळी, एक कांडी पाच मिनिटं चालते. म्हणजे पाळीला पाचशेच्या वर वेळा शटल तोंडाला लागायचं. आणि तेच शटल रात्री दुसऱ्याच्या तोंडाला. मी तीस वर्षं हे केलं. शर्टाला पुसून घेण्यापलीकडे कोणी काही करत नसे.

माझ्या चार लूमवर दुसरी पाळी रघूची होती. गणेशपुरीच्या पलीकडच्या खेड्यातला कुणब्याचा पोर. तेव्हा एकोणतीस वर्षांचा असेल. घरी आई ठकुबाई, बायको गोदू, तीन वर्षांची मुलगी उन्नती आणि थोडी भातशेती. तो कामतघरच्या चाळीत राहायचा आणि शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, एस.टी.ने घरी जायचा. माझ्या हाताखाली बरेच जण आले. माणूस कसा आहे ते मी त्याने सोडलेल्या लूमवरून ओळखतो. रघू पाळी सोडताना लूमखालचा कचरा काढून जायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तो डबा बांधत होता. मी शटल त्याच्या नाकापुढे धरलं.

"हे काय लावलंस?"

"धुतलाय दादा."

"लाकूड फुगलं तर उडेल कोणाच्या तरी डोळ्यात. कशाला धुतलंस?"

रघूच्याच पाळीचा, शेजारच्या लूमवरचा रामू मध्येच ओरडला. हा उत्तरेकडचा, बस्ती जिल्ह्यातला, दहा वर्षं भिवंडीत, जीभ सैल. "केसरीभाई, इससे पूछो! तीन दिन से शटल की पप्पी लेना छोड़ दिया है। तार से काँटा डाल के मछली पकड़ता है। भाभी ने मना किया होगा!"

तेव्हा मला रघूच्या हातातली लोखंडी तार दिसली. टोक वाकवून त्याने आकडा केला होता. तो आकडा भोकात घालून सुताची तार ओढायची. बरं, तोंडाने एक क्षण लागतो, आकड्याने चार. पाचशे वेळा म्हणजे पाळीमागे अर्धा तास. पण तीन दिवसांत त्याचं कापड कमी निघालं नव्हतं. तो अर्धा तास कुठून आला, ते मी रामूकडून काढून घेतलं. रघू जेवायला बसत नव्हता. भाकरी खिशात ठेवून लूममधल्या वाटेत उभ्याने खात होता.

कारखान्यात लूम चालू असताना ओरडूनच बोलावं लागतं. ही गोष्ट ओरडून होण्यासारखी नाही एवढं मला कळलं. रामूला दहा मिनिटं थांबून माझे लूम बघायला सांगितलं आणि रघूला कारखान्यामागच्या तलावाच्या काठी नेलं.

"तोंड आलंय," तो म्हणाला. "तुमाला लागंल म्हणून."

"तोंड सगळ्यांचं येतं. खरं बोल."

त्याने सांगितलं ते उभं राहूनच. वैशाखात, चार मेला, चाळीतल्या एकाची हळद होती. पुढे अधिक महिना येणार म्हणून लग्नांची घाई चाललेली. हळदीत प्यायला मिळालं. तिघे जण तिथून उठून धंदेवाल्या बायकांच्या वस्तीत गेले. रघू याआधी कधी गेला नव्हता. निरोध होता का, तर होता. शेवटपर्यंत होता का, ते त्याला आठवत नव्हतं. पुष्कळ प्रयत्न करूनही आठवत नव्हतं. दोन आठवड्यांनी, अठरा मेला, तो घरी गेला. गोदूजवळ निजला. तोवर त्याच्या मनात काहीच नव्हतं. मग महिनाअखेरीला चार दिवस ताप आला. मानेला गाठ लागली. अंगावर पुरळ उठलं. तोंडात फोड आले, ते जाईनात. वजन उतरलं. स्टँडच्या भिंतीवर एड्सची माहिती रंगवलेली होती, ती त्याने वाचली. तिथे लिहिलेलं एकेक त्याला आपल्या अंगावर सापडलं.

"दादा, माझा मी बघून घेतला असता. पन माझ्यापासनं तुमाला झाला तं? पाचशे वेळा माझा थुका तुमच्या तोंडात जातो."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मी वेगळाच हिशोब करत होतो. मी तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली.

"बघ."

तो वाकून बघत राहिला. माझ्या जिभेवर तीन फोड होते आणि कडेला निळा डाग.

"लुंगीचं रंगीत सूत कधी लागलं आपल्या लूमवर?"

"मे महिन्याच्या शेवटाला."

"त्या रामूची जीभ काढून बघ, जांभळी झालीय. कच्चा रंग आहे. ओढतो आणि गिळतो. तुझ्या तोंडाला हेच झालंय."

मला वाटलं, आता तो हसेल. तो हसला नाही. "तोंडाचा ऱ्हाऊं दे," तो म्हणाला. "अंगावरचा? गाठ? ताप?"

मी डॉक्टर नव्हे.

तोवर त्याने काय काय केलं होतं तेही निघालं. नाक्यावरच्या एका पडद्याआडच्या दवाखान्यात गेला होता. तिथल्या माणसाने नाडी धरून "गरमी आहे" सांगितलं, सुई टोचली, लाल बाटली दिली. रघू दोन शुक्रवार घरी जाताना वाटेत अकलोलीला उतरला आणि गरम पाण्याच्या कुंडात बसला. तिथल्या पाण्याने कातडीचे रोग जातात म्हणतात. तो सोसवेल त्याहून जास्त वेळ बसला. पुरळ गेलं नाही, कातडी मात्र भाजल्यासारखी लाल झाली.

"एवढा वेळ कुंडात बसायला जमलं, मग सरकारी दवाखान्यात जायला काय झालं?"

"तिथं नाव लिवतात."

"लिहू दे. सुईच्या जागी सुई आणि कुंडाच्या जागी कुंड. रक्तातलं रक्तातच बघायला पाहिजे. मी येतो बरोबर."

"नको. मी जाईन. शुक्रवारी जाईन."

आणि गेला. पंधरा जूनला. तिथे काय झालं ते त्याने मला दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना सांगितलं. तपासणी केंद्राची खोली मागच्या बाजूला होती. आत एक तरुण बाई बसायची. सगळे तिला ताई म्हणत. तिने दार लावून घेतलं आणि नावाच्या जागी नंबर लिहिला. मग तारीख विचारली. रघूने चार मे सांगितलं, लगेच. ताई म्हणाली, इथे येणाऱ्यांतल्या निम्म्यांना महिनासुद्धा आठवत नाही.

रक्त घेतलं. दुपारी बोलावलं. एचआयव्हीची लागण दिसत नव्हती. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, तपासणी केली, तीही साफ. रघू उठायला लागला तर ताईने त्याला बसवलं. सहा आठवड्यांत लागण असेल तर बहुतेक वेळा दिसते, ती म्हणाली, पण पक्कं म्हणायला बारा आठवडे पूर्ण व्हावे लागतात. सत्तावीस जुलैला परत यायचं. तोवर बायकोजवळ जाताना निरोध, नाहीतर जायचंच नाही.

मग त्याने शटलचं विचारलं. ताईला आधी कळलंच नाही. त्याने टेबलावरच्या पेनाचं शटल करून दाखवलं. ताईने डोक्याला हात लावला म्हणे. "हा रोग थुंकीने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. पण क्षय होईल, रंग पोटात जाईल. कोणी सांगितलं तुम्हाला तोंडाने ओढायला?" रघू म्हणाला, "सगळेच ओढतात."

पुरळ कातडीच्या डॉक्टरांनी पाहिलं. खरूज निघाली. चाळीतल्या खोलीत दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच अंथरुणावर पडायचे. सहाही जणांना मानेपासून पायापर्यंत औषध लावायला लागलं आणि अंथरुणं उकळत्या पाण्यात. रामू दोन दिवस सगळ्यांना सांगत होता, "रघू की मेहरबानी है, पूरा कमरा नहाया।" तोंडाचे फोड रंगीत सूत संपल्यावर गेले. गाठ बसली. ताप कशाचा होता ते मात्र शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता. रघूने सहा आठवडे पुढचे धरले. आकडा त्याने सोडला नाही. ताईने थुंकीने होत नाही सांगितलं, तरी नाही. "पक्का होईपावतर दुसऱ्याच्या तोंडात माझा शटल देनार न्हाय," म्हणाला. आठवडाभर अर्धा तास रोज गेला. मग त्याने आकड्याचं टोक घासून बारीक केलं, चार क्षणांचे दोन झाले. मीही त्याच्याकडून एक आकडा करून घेतला. चांगलं काम दिसलं की घ्यावं.

आमचं खरं भांडण झालं ते गोदूवरून. जुलै लागला, आवणी आली. भाताची लावणी. रघूला चार दिवस घरी जावंच लागणार होतं. मे महिन्यानंतर तो घरी गेला की ओटीवर निजायचा. आत गरम होतं म्हणायचा. उन्नती त्याच्या ताटात हात घालायला आली की ताट सरकवायचा. ताईने सांगितल्यावर ताट सरकवणं बंद केलं, पण ओटी सुटली नाही. आता पाऊस लागला होता आणि ओटीवर पाणी येत होतं. गरम होतं हे कारण चालणार नव्हतं.

"मी गोदूला सांगनार," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? तीन आठवडे उरलेत. पाठ दुखते सांग, काहीही सांग. तपासणी साफ आली की विषयच संपला. कशाला तिच्या जिवाला घोर?"

"अठरा मेला मी तिच्याजवळ व्हतो, दादा."

"तुझी पहिली तपासणी साफ आहे ना?"

"पक्की न्हाय. माझा असंल तं तिचाबी असंल. तिला न सांगता मी तिचा रगत तपासल्याबिगर कसा ठेवू?"

मी त्याला पुन्हा समजावलं. माझं वय, अनुभव, सगळं पुढे केलं. त्याने ऐकून घेतलं. मग पिशवी उचलून एस.टी.ला गेला.

त्याने शेतात सांगितलं. घरात आई होती. दोघं खाचरात वाकून रोपं लावत होते. तो म्हणतो, वाकलेलं असताना सांगायला बरं पडलं, तोंड दिसत नव्हतं. हळद, वस्ती, तारीख, निरोधाचं न आठवणं, ताप, तपासणी, पुढची तारीख. काही वगळलं नाही. गोदू लावत राहिली. तिची ओळ सरळ होती. ओळ संपली तेव्हा ती उभी राहिली, हातातली रोपांची मूठ खाली टाकली आणि म्हणाली, "किती जनांना ठाऊक हाय?"

"केसरीदादाला."

"बरा." आणि तिने पुढची ओळ धरली.

तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. खाचर पुरं झालं. ठकुबाईने विचारलं, भांडलात काय गं? तर ती म्हणाली, "आई, पाठ दुखते माझी." चौथ्या दिवशी रघू कामावर परत आला. पाचव्या दिवशी दुपारी ती कामतघरला आली, उन्नतीला कडेवर घेऊन, माझ्या घरी. रघूकडे नाही. तो रात्रपाळी करून झोपला होता.

पदर डोक्यावर घेऊन ती उंबऱ्याशीच बसली. पाणी प्यायली नाही.

"दादा, तुमाला ठाऊक व्हता?"

"होतं."

"आन् तुमी त्यांला काय सांगितलात?"

खोटं बोलावंसं वाटलं. "गप राहा म्हणालो."

"मंग ते तुमच्यापरीस शाने निंगाले," गोदू म्हणाली. "त्यांनी केला तो वाईटच केला. पन तुमच्यासारखी मानसा असली तं आमाला मरंपावतर कलनार न्हाय कशाना मेलो."

मी मान खाली घातली.

"त्या दवाखान्याचा पत्ता सांगा. सत्तावीसला मी येनार. माझाबी रगत काढायचा."

"तो येईलच बरोबर."

"ते त्यांचा बघतील. मना पत्ता पायजे."

मी कागदावर लिहून दिला. तिला वाचता येत होतं. तिने तो वाचून दाखवला, म्हणजे चूक नको, आणि घडी करून कमरेला लावला. मग ती रघूच्या खोलीवर गेली. तिथे ते काय बोलले मला माहीत नाही. चाळीतल्यांनी सांगितलं, आवाज चढला होता. पण तिचाच. त्याचा ऐकू आला नाही.

पुढचे दोन आठवडे रघूने एकही पाळी बुडवली नाही. तार तुटली की जोडायचा, कांडी संपली की भरायचा, लूमखालचा कचरा काढून जायचा. फक्त विचारलं की तारखा सांगायचा. किती दिवस उरले ते त्याला पाठ असायचं. रामूला तेवढ्यात काहीतरी कुणकुण लागली. एकदा म्हणाला, "क्या गिनता है रे, जेल में है क्या?" रघू म्हणाला, "हाँ." रामू त्यानंतर त्याला छेडायचा बंद झाला. उलट त्याच्या जेवणाच्या वेळी त्याचे दोन लूम बघायला लागला.

सत्तावीस जुलैला रघूने मला बरोबर यायला सांगितलं. "उन्नतीला धरायला कोन न्हाय," म्हणाला. कारण तेच नव्हतं, पण मी गेलो. गोदू सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आली होती आणि आमच्या आधी बाकावर बसली होती. रघू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधल्या जागेत मी आणि पोरगी.

ताईने आधी त्याला घेतलं, मग तिला. वेगवेगळं, दार लावून. रक्त दिल्यावर दुपारपर्यंत थांबायचं होतं. मी उन्नतीला केळी घेऊन दिली. तिने एक बापाला नेऊन दिलं. रघूने निम्मं खाऊन निम्मं तिला परत दिलं. गोदूने ते पाहिलं.

तीनला बोलावलं. रघू आत गेला. पाच मिनिटांत बाहेर आला आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. "न्हाय," तो म्हणाला. "न्हाय हाय. पक्का." मग त्याने तोंड भिंतीकडे केलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामाने भिजली होती.

गोदू आत गेली. तिला जास्त वेळ लागला. ती बाहेर आली तेव्हा ताई तिच्या मागे दारापर्यंत आली होती आणि काहीतरी समजावत होती.

"अहो, यांचं बाराव्या आठवड्याचं साफ आहे. यांच्याकडे नव्हतंच, तर तुम्हाला यांच्याकडून कुठून येणार? तुमचंही आज साफ आहे. परत यायची गरज नाही."

"कलला मना, ताई," गोदू म्हणाली. "पन त्यांचे बारा चार मेपासनं. माझे अठरा मेपासनं. माझे ऑगस्टच्या धा तारखेला भरतात. मी येनार."

ताई हसली. "या मग. नंबर हाच सांगा."

आम्ही फाटकाकडे चाललो. उन्नती माझ्या खांद्यावर झोपली होती. रघू गोदूच्या मागे दोन पावलं होता. फाटकाशी तिने मागे वळून पोरीला माझ्याकडून घेतलं. मग त्याच्याकडे बघून, तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ बघून, म्हणाली,

"धा तारखेला तुमची कनची पाळी?"

"शुक्रवार हाय. सुट्टी."

"मंग सकालीच या. लायनीत नंबर धरून ठेवा. मी पहिल्या एस.टी.नं येतंय."

"तवर ओटीवर?" रघूने विचारलं.

"तवर ओटीवर. पानी आत येतंय तितं ताडपत्री लावा आज." तिने पोरीचं डोकं खांद्यावर नीट केलं. "धा तारखेनंतरचा धा तारखेनंतर बगू."

"बरा," रघू म्हणाला.

स्टँडवर जायच्या आधी तो बाजाराकडे वळला. ताडपत्री घ्यायला. मी विचारलं, किती घेतोस, तर म्हणाला, ओटीला पुरेल एवढी.